दहा जणांचं पान

आमच्या मिक्सरच्या भांड्यावर सध्या दुसऱ्याच कुणाचं तरी झाकण आहे. आमचं पारदर्शक होतं. हे दुधी आहे आणि आतल्या कडेला हळदीची एक जुनी रेघ आहे, जी आमच्या घरची नाही. बसतं मात्र चपखल. आणि ज्या दुकानाने हे माझ्या गळ्यात मारलं, त्याला काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, पूर्ण शुद्धीत, मी पाच तारे दिले आहेत.

मिक्सर जळला कसा, ते सांगत बसत नाही. शेंगदाण्याचं कूट, धूर, 'मी मघापासून सांगत होते'. घरोघरी तेच.

दुरुस्तीचं दुकान शोधायला मी फोन घेऊन चाळीस मिनिटं बसलो, कारण मी डोळस गिऱ्हाईक आहे. शेवटी दोन दुकानं उरली. एक वर्तकनगरचं, ४.३ तारे, परीक्षणं ८१२. दुसरं नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत. ५.० तारे, परीक्षणं तीन. वर्तकनगरवाल्याच्या तक्रारी मी एकूण एक वाचल्या. एकाने 'दुकान बंद होतं' म्हणून एक तारा दिला होता आणि तारीख गुढीपाडव्याची. एकाने 'पार्किंगला जागा नाही' म्हणून एक. त्या न्यायाने तलावपाळीच्या पाणीपुरीवाल्याला उणे तीन द्यावे लागतील. एका बाईंनी पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं, 'अजून घरी लावून बघितला नाही.' नौपाड्यात असली कटकट नव्हती. एक 'गुड', एक 'व्हेरी नाइस सर्व्हिस', एक नुसतेच तारे, खाली अक्षर नाही. पाच हे ४.३ पेक्षा मोठे, एवढं गणित आम्हाला शाळेत होतं. रिक्षा नौपाड्याला वळली.

'शनिवारी मिळेल' या वाक्यातला शनिवार कुठला, हे विचारायचं असतं. मी तिसऱ्या खेपेला पोचलो तेव्हा पोरगा म्हणाला, "बसा काका, पाच मिनटं." शेठ आतल्या पडद्यामागे होते. मधूनमधून त्यांचा खोकला तेवढा बाहेर येत होता.

बाकड्यावर एक आजोबा आधीच बसलेले. पांढरा पायजमा, बंडी, मांडीवर घडी घातलेला पेपर. दुरुस्त झालेले तीन पंखे छताला टांगून चाचणीसाठी सुरू ठेवले होते आणि ते नेमके त्यांच्याखाली.

"रोज येतो," आजोबा म्हणाले. "वारा चांगला लागतो इथे. घरी पंखा आहे, पण तो यांच्याकडेच आहे. मे महिन्यापासून."

मी सहानुभूतीची मान हलवली.

"नेटवर बघून आलात?"

"हो. पाच तारे आहेत."

"किती जणांचे?"

"तीन."

"त्यातला एक मी," आजोबा म्हणाले. "नुसते तारे आहेत ना, अक्षर नसलेले? ते माझे. मला एकच द्यायचा होता. पण तारे डावीकडून मोजायचे की उजवीकडून, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. मी कडेचा दाबला."

"मग बदलायचे ना नंतर."

त्यांनी वर बोट केलं. "पंखा आत आहे."

उरलेल्या दोघांची ओळखही त्यांनीच करून दिली. 'गुड' म्हणजे शेठची मेहुणी. ती डोंबिवलीला असते, तिचं इथे काहीही दुरुस्तीला आलेलं नाही. 'व्हेरी नाइस सर्व्हिस' म्हणजे खुद्द शेठ. पडद्यामागून खोकला आला.

आजोबा बत्तीस वर्षं विम्याच्या कचेरीत होते. हजार माणसांत वर्षाला किती मरतील, हे काढणाऱ्या खात्यात. अशा माणसाला तीनच्या सरासरीचा मनस्वी राग असतो, हे मला तिथे कळलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, पेपरची कोरी कड माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "पितृपक्षात पान ठेवता?"

"ठेवतो."

"कुणाचं?"

"जे नाहीत त्यांचं."

"तसंच करायचं. प्रत्येक दुकानाच्या नावाने दहा जणांचं पान ठेवायचं. दहा गिऱ्हाइकं, जी आलेलीच नाहीत. साधी माणसं. खूशही नाहीत, चिडलेलीही नाहीत. विचारलं तर 'बरंय' म्हणतात. त्यांचे प्रत्येकी चार तारे धरा."

"चारच का?"

"इथलं बरं दुकान चाराच्या आसपास असतं असं मी धरलं. तुम्ही साडेतीन धरा. पण दोन्हीकडे तेच धरा. एका श्राद्धाला खीर आणि दुसऱ्याला ताक, असं नको." पेन चालू लागलं. "यांचे पाच त्रिक पंधरा. दहा पानांचे चाळीस. पंचावन्न. भागिले तेरा. ४.२३. आता तुमचं ते वर्तकनगर. ८१२ जणांच्या पंगतीत दहा पानं वाढली, कुणाच्या लक्षात तरी येतील का? ४.३ होते, ४.३च राहिले."

म्हणजे मी चुकीच्या दुकानात बसून, चुकीच्या दुकानात बसलोय हे शिकत होतो.

"आणि ही माझी अक्कल नाही हं," आजोबा म्हणाले. "लाप्लास म्हणून एक फ्रेंच होता, अठराव्या शतकात. सूर्य आजवर इतके वेळा उगवला, तर उद्या उगवण्याची खात्री किती, असलं काढायचा. तो एकच खूश आणि एकच नाराज माणूस वाढवायचा. तिनातले तीन खूश असले तर तो म्हणायचा, पाचातले चार धरा. दोनच पानं! फ्रेंच ते. आपल्याकडे पंगत मोठी लागते."

रात्री घरी येऊन मी पाहिलं. आयएमडीबी या सिनेमांना गुण देणाऱ्या साइटच्या सर्वोत्तम २५० सिनेमांच्या यादीमागेही हीच पंगत आहे. मतं कमी असली की सिनेमाचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढायचा. नाहीतर कुणाच्या तरी भाच्याने काढलेला, घरच्या सात जणांनी पाहिलेला सिनेमा पहिला आला असता.

पण मला खरं खटकलं ते 'बरंय'. माझ्या वडिलांनी आयुष्यात कशालाही उत्तम म्हटलं नाही. आईच्या पुरणपोळीला 'जमलीये' म्हणायचे आणि ती दिवसभर खूश असायची. दहावीला मला ७८ टक्के पडले तेव्हा 'ठीक' म्हणाले आणि नंतर चाळीत स्वतः पेढे वाटत फिरले. अशा माणसाच्या हातात तारे दिले असते तर त्यांनी तीन दिले असते आणि ते तीन खरे असते. आमच्या शाळेत साठला फर्स्ट क्लास होता. आता पाचात चार, म्हणजे ऐंशी टक्के दिले, तर समोरचा विचारतो, काय चुकलं? पाचाखाली सगळे नापास. मग मोजपट्टीवर बाकीचे चार आकडे कशाला छापता?

आणि मागतात तरी किती! बँकेत पासबुक भरलं, तारे द्या. दाढ काढली, तोंडात कापूस आहे, तारे द्या. सिलिंडर आला, तारे द्या. बरं, त्या सरासरीतून तरी काय कळतं? चार जणांत तिघांनी पाच दिले आणि एकाने एक, तरी सरासरी चार. चौघांनी चार-चार दिले, तरी चार. एका दुकानात सगळ्यांचं काम बरं झालंय आणि दुसऱ्यात दर चौथ्याचा मिक्सर पेटलाय. पाटीवर आकडा तोच. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक-परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानकसुद्धा काढलं. विकत घेतलेली, पगारी माणसांनी लिहिलेली परीक्षणं छापू नयेत म्हणून. पाळणं ऐच्छिक ठेवलं. आमच्या शेठना कोण सांगणार? ते पडद्यामागे आहेत.

तर मिक्सर आला. "कपलर बदललाय, कार्बन नवीन टाकलेत, साडेसहाशे."

"हे झाकण आमचं नाही."

पोराने झाकण लावलं, फिरवलं, काढलं, परत लावलं. "बसतंय ना?"

"बसतंय, पण आमचं नाही."

"मग झालं की, काका." त्याने डाव्या हातात मिक्सर धरला, उजव्या हाताने कोड छापलेलं कार्ड पुढे केलं. मिक्सर माझ्याकडे येईना. "स्कॅन करा ना. फाइव्ह द्या."

"चार देतो."

पोराचा चेहरा पडला. एकोणीस-वीसचा असेल. हळूच म्हणाला, "चार आले की शेठ म्हणतात, काय बिघडवलंस. पगारातनं जातात."

हे मला सगळ्यात लागलं. माझं भांडण पडद्यामागच्या खोकल्याशी, आणि तारे कापले जाणार या पोराचे. झाकण गेलं, तीन खेपांचं रिक्षाभाडं गेलं, आणि वर निष्ठुर मीच ठरणार. मी स्कॅन केलं. एक, दोन, तीन, चार, आणि कडेचा. "खाली लिहा ना, व्हेरी नाइस," पोरगा म्हणाला. तेवढं मात्र मी लिहिलं नाही. एवढा बाणा राखला.

मिक्सर माझ्या हातात आला.

"किती दिले?" आजोबांनी विचारलं.

मी पिशवीत भांडं नीट बसवू लागलो.

"पाच दिले," तेच म्हणाले, आणि पेन उघडलं. "वीस आणि चाळीस, साठ. भागिले चौदा. ४.२९. वाढले की हो तुमच्यामुळे." त्यांनी चष्मा पुसला. "वर्तकनगर अजून केसभर पुढे आहे. आणखी एक पाच आला की पासष्ट भागिले पंधरा. ४.३३. मग गेलं ते मागे. दहा पानंसुद्धा काही करू शकत नाहीत."

माझ्या मागे एक बाई इस्त्री घ्यायला आल्या होत्या. वायर गुंडाळलेली इस्त्री पोराच्या डाव्या हातात होती. त्याने कार्ड माझ्या शर्टासमोरून काढलं, बाहीला पुसलं आणि त्यांच्यापुढे धरलं.