मॅडम, एक ठेवलीय

"मॅडम, तुमचा सी ड्राइव्ह लाल झाला होता. मी हिरवा करून दिलाय."

सोमवारी सकाळी साडेनऊला, चहा अजून ओठाला लागलेला नसताना, आमच्या ऑफिसच्या सिस्टिम विभागातले एक गृहस्थ टेबलाशी येऊन हे म्हणाले. भाव असा, की गावची विहीर एकट्याने उपसून आलेत. मी थँक्यू म्हणून बसले, आणि मग विचारलं, "काय काय काढलंत?"

"डुप्लिकेट."

गृहस्थ सज्जन आहेत, हे आधीच सांगते. प्रत्येक वायरला लेबल लावतात, लेबलाच्या टोकाला सेलोटेप लावतात. त्यांच्यावर ओरडायलाही जीव होत नाही, आणि माझा राग निम्मा त्याचाच आहे.

"सिम्बॉल्स नावाचा फोल्डर होता तुमचा. त्यात एनटीडीएलएल डॉट पीडीबी ही फाइल किती वेळा असावी? अकरा वेळा! अकरा फोल्डर आणि प्रत्येकात तीच. फोल्डरची नावं तरी काय हो, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी."

"मग?"

"मग काय, एक ठेवलीय. सगळ्यात नवी. ती पण आत-आत लपली होती, बाहेर काढून ठेवली. आता तुम्हाला चटकन सापडेल."

"बाकीच्या रिसायकल बिनमध्ये असतील ना?"

"छे! शिफ्ट-डिलीट. रिसायकल बिन मी कुणाचाच भरू देत नाही. तिथे कचरा साठतो."

आता हा घाव कुठे बसला ते सांगायला हवं. प्रोग्रॅम कोसळला की त्या क्षणीच्या मेमरीची जी प्रत पडते, तो क्रॅश डंप. तो उघडून दोष शोधायचं अवजार म्हणजे डिबगर, आणि त्याला तिथे दिसतात नुसते मेमरीतले पत्ते. कुठल्या पत्त्यावर कुठलं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा कुठला तुकडा, हे लिहिलेलं असतं सिम्बॉल फाइलमध्ये. विंडोजवर ती पीडीबी. लिंकर, म्हणजे तुकडे जोडणारं अवजार, प्रोग्रॅम बांधतो तेव्हा एक १६ बाइटांचा ओळख क्रमांक, म्हणजे जीयूआयडी, आणि त्याच्या जोडीला 'एज' नावाचा छोटा आकडा प्रोग्रॅममध्येही लिहितो आणि पीडीबीतही. प्रोग्रॅममधल्या त्या नोंदीच्या सुरुवातीला 'आरएसडीएस' ही चार अक्षरं असतात. डिबगर तिथून क्रमांक उचलतो आणि कॅशमध्ये, म्हणजे माझ्या त्या सिम्बॉल्स फोल्डरमध्ये, थेट त्या नावाचा फोल्डर गाठतो: आधी एनटीडीएलएल डॉट पीडीबी या नावाचा फोल्डर, त्यात क्रमांकाच्या नावाचा फोल्डर, आणि त्यात पुन्हा एनटीडीएलएल डॉट पीडीबी ही फाइल. म्हणजे गृहस्थांच्या मांजराने टाइप केलेलं ते नाव हाच फाइलचा पत्ता. जीयूआयडीचे ३२ अंक-अक्षरं आणि एज बहुतेक वेळा १, मिळून ३३.

पत्रिकेचंच उदाहरण घ्या. लग्नाला ३६ पैकी १८ गुण जुळले तरी भटजी अक्षता वाटायला घेतात. इथे ३३ पैकी ३२ जुळले तरी लग्न मोडतं. विंडोजचा एखादा अपडेट आला, त्यात एनटीडीएलएल, हा विंडोजचाच एक भाग, नव्याने बांधलं गेलं, की नवी पत्रिका. माझ्याकडे डंप येतात अकरा तऱ्हेच्या मशिनांवरून, म्हणून अकरा फायली. आळीत अकरा बंडू आहेत म्हणून दहा बंडूंना कोणी हाकलत नाही.

पळून जाऊन लग्न करायचीही सोय आहे. डिबगरला 'काहीही चालेल' असा पर्याय देता येतो. सिमऑप्ट या आज्ञेला ४० हा हेक्स आकडा जोडायचा. मग तो न जुळणारी पीडीबीही गळ्यात बांधून घेतो आणि स्टॅकमध्ये, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं त्या यादीत, धडधडीत खोटी नावं दाखवतो. जे फंक्शन कधी बोलावलंच गेलं नाही ते तिथे ऐटीत बसलेलं असतं, आणि माणूस दोन दिवस त्याच्या मागे फिरतो. नाव न दिसलेलं परवडलं.

"पण इंटरनेटवरून परत येतात ना या फायली?" गृहस्थांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. येतात. सिम्बॉल पाथमध्ये, म्हणजे फायली कुठे शोधायच्या त्या यादीत, 'एसआरव्ही', मग चांदणी, मग आपला फोल्डर, मग चांदणी, मग मायक्रोसॉफ्टच्या सिम्बॉल सर्व्हरचा पत्ता, अशी ओळ लिहिलेली असते. डिबगर डावीकडून शोधत जातो. उजवीकडच्या दुकानात माल मिळाला की डावीकडच्या प्रत्येक दुकानात एकेक प्रत ठेवत येतो. पुढच्या वेळी तोच डंप उघडला की सगळं घरातूनच, सेकंदात.

पण पहिल्या वेळी? एका मध्यम प्रोग्रॅममध्ये साठ-सत्तर मॉड्यूल, म्हणजे वेगवेगळ्या फायलींतले भाग, सहज असतात. स्टॅक दाखव म्हटलं की डिबगरच्या खालच्या पट्टीत 'बिझी' असा शब्द येतो, दोन्ही बाजूंना चांदण्या लावून. मधे ऑफिसची प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरचा नाका, असेल तर तो तिथेच मुक्काम ठोकतो. डाउनलोड अर्ध्यात तुटून अर्धवट फाइल कॅशमध्ये बसली तर आणखी मजा: पत्ता बरोबर, फाइल फुटकी. डिबगर 'पीडीबी करप्ट' म्हणतो आणि दर वेळी त्याच फुटक्या फाइलवर येऊन आपटतो. मग 'सिम नॉइझी' चालू करून तो नेमका कुठे आपटतोय ते बघायचं, 'रीलोड स्लॅश यू'ने त्या मॉड्यूलचा हात सोडवायचा, नाहीतर फाइल डिलीट होत नाही, तेवढा एकच क्रमांकाचा फोल्डर उडवायचा आणि 'रीलोड स्लॅश एफ'ने ती नव्याने आणायची. एकच फोल्डर! सगळी कॅश उडवा असा सल्ला देणारे भेटतात, ते गृहस्थांचेच नातेवाईक.

आणि हे मी रचत नाहीये: पीडीबी जुळते की नाही हे तपासायला विनडिबग या डिबगरमध्ये चेकसिम नावाची आज्ञा आहे, तिचं दुसरं नाव 'आय टोल्ड यू सो'. तरी मी सांगत होते! ज्याने ते नाव ठेवलं त्याच्याही ऑफिसात असे एक गृहस्थ असणार.

"तरी एक चांगलं केलं," गृहस्थ जाता जाता म्हणाले. "टीमच्या शेअरवर, त्या सामायिक ड्राइव्हवर, पण तसाच फोल्डर होता. तिथल्या मोठ्या फायलींना हात नाही लावला. फक्त शून्य बाइटांच्या काढल्या. रिकाम्याच होत्या."

मी कप खाली ठेवला.

"त्यात इंडेक्स-टू डॉट टीएक्सटी होती?"

"होती! उघडून पाहिली. एक अक्षर नव्हतं."

नसतंच. ती फाइल नुसती असावी लागते. मोठ्या साठ्यात हजारो फोल्डर एकाच पातळीवर नकोत म्हणून नावाच्या पहिल्या दोन अक्षरांचा एक वरचा मजला करतात, 'एनटी'मध्ये एनटीडीएलएल. साठा दुमजली आहे हे डिबगरला कळतं ते दारात इंडेक्स-टू पडलेली आहे यावरून. ती उचलली की तो जिना चढतच नाही. तळमजल्यावर हाक मारतो आणि घरी कोणी नाही म्हणून परत येतो. आख्ख्या टीमला सकाळपासून सिम्बॉल का मिळत नव्हते ते असं कळलं. रिकामी फाइल परत बनवली, दहा सेकंदांचं काम. गृहस्थ माझ्याकडे असे बघत होते, की मी दाराला लिंबू-मिरची बांधतेय.

इथवर हसण्यासारखं आहे. यापुढचं नाही.

त्या कॅशमध्ये आमच्या स्वतःच्या प्रॉडक्टच्या पीडीबीही होत्या. जुन्या रिलीजची मूळ प्रत प्रोग्रॅम बांधणाऱ्या ज्या बिल्ड सर्व्हरवर होती तो केव्हाच भंगारात गेला, आणि सिमस्टोअर या साठा करायच्या अवजाराने ती शेअरवर चढवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. कोणाच्या म्हणजे आमच्याच. उरली होती माझ्या कॅशमधली प्रत. गृहस्थांनी त्यातलीही 'सगळ्यात नवी' ठेवली. ग्राहक वापरतो जुनी. तोच सोर्स पुन्हा बिल्ड करा म्हणाल, तर साध्या बिल्डमध्ये दर वेळी नवा जीयूआयडी पडतो. ठरावीक इनपुटला ठरावीकच आउटपुट देणारा बिल्ड लावलेला असता तर गोष्ट वेगळी, पण तो आम्ही लावलेला नव्हता. आता त्या ग्राहकाचा डंप उघडला की फंक्शनच्या जागी दिसतं मॉड्यूलचं नाव, अधिक एक हेक्स आकडा. कॅश ही हरवली तरी चालेल अशी वस्तू. तिजोरी म्हणून ती वापरली आम्ही, आणि बोलणी बसतायत त्यांना.

तरी राग येतोच. कारण कॅश कमी करायची रीतसर वाट आहे. एजस्टोअर नावाचं छोटं अवजार डिबगरसोबतच मिळतं. इतक्या दिवसांत कोणी उघडली नाही ती फाइल काढ, असं त्याला सांगता येतं. पण ते चालतं फाइल शेवटची कधी उघडली त्या वेळेवर, आणि ती नोंद विंडोजवर बऱ्याच ठिकाणी बंद असते. आधी एफएसयुटिल या विंडोजच्या आज्ञेने ती चालू करा, मगच एजस्टोअरला हात लावा, नाहीतर रोजच्या वापरातली फाइलही त्याला अडगळ वाटेल. लिनक्सवाल्यांचं बरं आहे. २०१९ पासूनचं त्यांचं डिबगइन्फोडी, म्हणजे तिकडची हीच सोय, घरच्या कॅश फोल्डरमध्ये बिल्ड-आयडी या तिकडच्या ओळख क्रमांकाच्या नावाने माल ठेवतं, दिवसातून एकदा झाडू मारतं आणि आठवडाभर न वापरलेलं स्वतःच टाकून देतं. फाइल मिळाली नाही हेसुद्धा दहा मिनिटं लक्षात ठेवतं, उगाच सर्व्हरचं दार पुन्हा वाजवत बसत नाही. विंडोजवरची कॅश मात्र आपण हात लावेपर्यंत फुगत राहते, म्हणजे ड्राइव्ह लाल होणारच आणि गृहस्थ येणारच.

त्यांना हे सगळं समजावलं, कागदावर दुमजली घर काढून. शांतपणे ऐकलं, दोनदा "अच्छा" म्हणाले, कागद घडी करून खिशात ठेवला. दुपारी स्टॅक काढायला घेतला, चांदण्यांचा 'बिझी' तासभर मुक्कामाला होता, संध्याकाळपर्यंत साधारण निम्मे मॉड्यूल परतले.

मंगळवारी सकाळी मेल आला. पाठवणारा आपोआप चालणारा प्रोग्रॅम, सही गृहस्थांची. "आपल्या संगणकावर एकाच नावाच्या ६ फायली आढळल्या आहेत. शुक्रवारी रात्री त्यांपैकी ५ काढण्यात येतील."