घरीच आहेस ना, मग काय!

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्यानं 'घरी' म्हटलं की पुढचं मीच म्हणून टाकते. दादाच्या मते मी घरी आहे म्हणजे आईजवळ आहे. ऑफिसच्या मते मी घरी आहे म्हणजे लॅपटॉपजवळ आहे. दोघांचंही खरं आहे, तीच तर गोची.

आईच्या पलंगाशेजारी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला होता. काही लागलं की वाजवायचं. मीटिंगमध्ये टिंग टिंग ऐकू आलं की मी म्यूट, कॅमेरा बंद, मग वॉकर पुढे करायचा, तिला बाथरूमपर्यंत न्यायचं, दाराबाहेर थांबायचं. कानात इअरफोन, आणि त्यात कुणीतरी तिमाहीचे आकडे वाचतंय. एकदा नेमकं तेव्हाच माझं नाव आलं. उत्तर द्यायला म्यूट काढला आणि तेवढ्यात आईचा पाय अडखळला. "हळू, हळू, काही घाई नाही," हे सगळ्या टीमनं ऐकलं. दोन क्षण शांतता. मग एकजण म्हणाला, "ओके, सोमवारपर्यंत दिलंस तरी चालेल."

हसले मी तेव्हा. पण नंतरच्या आठवड्यात चमचा वाजायचाच कमी झाला. मला वाटलं, चला, आईला बरं वाटतंय. सकाळी भरून ठेवलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच दिसली तेव्हा विचारलं. म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं. तुझी मीटिंग असते ना." पंधरा पावलांवर बसलेली मुलगी, आणि तिला त्रास नको म्हणून ही बाई तहान मारत होती.

त्या दिवसापासून 'घरून काम कसं करावं' छापाच्या सल्ल्यांवरचा माझा विश्वास उडाला. वेगळं टेबल मांडा, ऑफिसचे कपडे घाला, वेळापत्रक भिंतीवर लावा. सगळं केलं होतं मी. हे सल्ले सुखाच्या दिवसांसाठी असतात. घरात दुखणं असलं की वेळापत्रक दुखण्याचं चालतं, आपलं नाही.

आणि दिवसाची भरपाई मी रात्री करत होते. एकदा तास मोजले तर आठवड्याचे साठ भरले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये जाहीर केलेला एक अभ्यास आहे: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आकडा वाचून घाबरायला झालं नाही, खरं सांगते. एवढंच मनात आलं की मीही आडवी झाले तर चमचा कुणासाठी वाजवायचा?

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला फोन केला. भाषण तयार होतं, निघालं मात्र एवढंच: "आईचं ऑपरेशन झालंय, सकाळी दहा ते बारा मी नसेन, आणि रात्री आठनंतर काम करणार नाही." उत्तर आलं, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस अडचणीत आहे हे कळलं की त्याच्या हातची चांगली कामं हळूच दुसरीकडे जातात, हे मी पाहिलंय. भीती ती होती. सगळ्यांचे साहेब असे नसतात हेही कळतं. ज्यांचा माऊस किती वेळ हलला नाही हे कुणीतरी मोजतंय, त्यांना 'स्पष्ट बोला' सांगायचा मला काय अधिकार? फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. असं काही कागदावर असलं म्हणजे निदान एकट्यानं धीर गोळा करावा लागत नाही.

बाकी दोन बारीक गोष्टी. मीटिंगमध्ये स्वतःचा चेहरा दिसणं बंद केलं. काळजी चेहऱ्यावर दिसतेय का, हे मी दिवसभर तपासत बसायचे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली आहेत, त्यात सतत स्वतःला पाहणं हे एक आहेच. आणि काम संपलं की लॅपटॉप कपाटात ठेवून वीस मिनिटं जिना चढउतार, फोन घरात ठेवून. ऑफिसला जायचे तेव्हा येण्याजाण्याच्या वेळेला शिव्या घालायचे. आता कळतं, काळजी करायला, क्वचित रडायला, तेवढीच तर जागा होती. घरी ती जागाच उरली नाही, जिन्यात थोडी सापडली.

आई आता पाणी पिते. चमचाही दणक्यात वाजवते, कधी कधी नुसतं 'झाली का मीटिंग' विचारायला.

गेल्या आठवड्यापासून दादा इथे आलाय, त्याचंही काम घरूनच. पहिल्याच दिवशी तो कॉलवर असताना चमचा वाजला. त्यानं हेडफोन अर्धा काढून माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याकडे निघाले होते. म्हटलं, "घरीच आहेस ना?"