तारे मोजून करंडक मिळत नाही

अमेरिकेत शाळकरी बास्केटबॉलपटूंना तारे देऊन त्यांची क्रमवारी लावतात. विद्यापीठ संघांवरच्या तुमच्या लेखातलं 'पहिल्या पाचातली तीन पोरं आली, आता विजेतेपद ठरलेलंच' हे वाक्य पटलं नाही. २०१९ चा ड्यूक विद्यापीठाचा संघ विसरलात? बॅरेट, झायन, रेडिश, क्रमवारीत वर असलेले तिघंही एकाच संघात. तरी मिशिगन स्टेटकडून ६८-६७ असे हरले आणि करंडक नेला व्हर्जिनियाने! एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, कोण जाईल याचा अंदाज क्रमवारीवरून बरा येतो, मान्य. पण विद्यापीठांच्या मार्चमधल्या बाद फेरीत एक वाईट रात्र पुरते.

आणि यादीत नसलेल्यांचं काय? त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) दुसरा निवडला गेलेला जा मोरँट शाळेत असताना कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मरे स्टेट विद्यापीठाच्या सहायक प्रशिक्षकाला तो एका शिबिरात, बाजूच्या जिममध्ये खेळताना योगायोगाने दिसला. आमच्या रालेच्या (नॉर्थ कॅरोलिना) ऑफिसात मात्र सतरा वर्षांच्या पोरांच्या ताऱ्यांवरून अजून जेवणाच्या सुट्टीत भांडणं होतात (मीही त्यात असतोच).