मान होता म्हणे

चतुर्थीच्या तोंडावर आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. मग तोच मामेबहिणीकडून आला, तोच शाळेच्या ग्रुपवर. म्हणणं असं: पूर्वीच्या सिनेमात म्हाताऱ्या बाईला मान होता, हल्लीच्या मालिका-सिनेमांनी तिला थिल्लर केलं, साठीला लग्न लावलं, नाचवलं, कोकणातल्या माऊलीला हे शोभत नाही. खाली 'पुढे पाठवा' होतंच. मी काही पाठवला नाही.

मान कुणाला होता? 1975च्या 'दीवार'मध्ये निरुपा रॉय 44 वर्षांच्या होत्या आणि मुलगा झालेले शशी कपूर त्यांच्याहून जेमतेम सात वर्षांनी लहान. 'सारांश'मधली म्हातारी झालेल्या रोहिणी हट्टंगडी तेव्हा पस्तिशीच्याही आतल्या. म्हणजे म्हातारीच्या भूमिकेलासुद्धा खरी म्हातारी नको होती, पांढरा केलेला केस पुरत होता. मान होता तो आईला, तोही ती रडत असेल तर. रडली नाही की ललिता पवारांच्या रांगेत, खाष्ट सासू म्हणून. आपल्या पालगडची श्यामची आईच घ्या. 1953च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण ती आई म्हातारपणापर्यंत पोचतच नाही.

साठीतलं लग्न. रोख उघड 'अग्गंबाई सासूबाई'वर आहे. 2019 साली सुरू झालेल्या या मालिकेत सून पुढाकार घेऊन सासूचं लग्न लावते, हे लोकांनी रोज रात्री जेवता जेवता पाहिलं. त्यातल्या सासूच्या लाडावलेल्या मुलावरून घराघरातल्या लाडोबांना 'बबड्या' हे नाव मिळालं, हा वरचा फायदा. आणि कोकणाला न शोभणारं? अहो, मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली देवरुखच्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. आज त्याच कर्व्यांचा आपल्याला अभिमान. मेसेज लिहिणारा तेव्हा मुरुडात असता तर कुठल्या बाजूला बसला असता, ते मला विचारायचं आहे.

नाचणं. 'बाईपण भारी देवा'मध्ये सहा बहिणी मंगळागौर खेळतात, म्हणून म्हणे थिल्लरपणा. ज्यानं हे लिहिलं त्यानं गौरीच्या रात्री माजघरात कधी डोकावलेलं दिसत नाही. आमच्या शेजारची काकी गुडघ्यांना तेल चोळत 'माका जमूचा नाय' म्हणते, आणि दहा मिनिटांनी पदर खोचून बसफुगडीत सगळ्यांच्या पुढे. सुना धापा टाकत बाजूला होतात. हा नाच सिनेमावाल्यांनी तिला शिकवलेला नाही.

एका ठिकाणी मात्र मेसेजवाल्याचं नि माझं जमेल: कोकणातली वयस्कर बाई पडद्यावर धड येत नाही. पण त्याचं कारण थिल्लरपणा नव्हे. 2016ला 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली, तिच्यातला आकेरीचा वाडा बघायला गाड्या भरून लोक आले. लक्षात कोण राहिलं? अण्णा नाईक आणि शेवंता. अण्णांची बायको, घर सांभाळणारी माई तिसरी. 2025च्या 'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर अख्खा चित्रपट खांद्यावर घेतला, मला फार आवडलं. आता त्या वयाच्या बाईला मध्यभागी ठेवलेला एक कोकणातला चित्रपट सांगा. झिलगे, म्हणजे मुलगे, मुंबईला, घर आणि कलमं हिच्या अंगावर. काजू गोळा करायच्या, गड्यांना चहा द्यायचा, हिशेब तोंडपाठ. बाजारात बसणारी असेल तर बांगड्याचा गालफडा उचलून तांबडं रगत दाखवते आणि भाव एक रुपया सोडत नाही. ही बाई पडद्यावर आलीच तर पाटी डोक्यावर घेऊन मागून जाते.

काकीला तो मेसेज वाचून दाखवला. तिचं अर्धं लक्ष टीव्हीत. तिथे एक सासूबाई भरजरी साडीत सोफ्यावर बसलेल्या.

"सकाळपासून दागिने घालून बसली हा गो," काकी म्हणाली. "हिका काय कामधंदो नाय?"