मुंगसाला नागाचं विष सहज चढत नाही, रेबीज मात्र होतो

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. म्हणे, रेबीजचा विषाणू ही किल्ली, आणि तिचं कुलूप फक्त कुत्र्याच्या पेशींवर. मांजर, गाय, मुंगूस यांच्या पेशींना तो चिकटतच नाही, म्हणून ही जनावरं चावली तर सुया घेऊ नका. राजेंद्रनगरच्या एका काकांनी खाली ‘शास्त्रीय माहिती’ असा शेराही मारला.

काका, कुलूप फक्त कुत्र्याकडे असतं तर माणसाला रेबीज झालाच नसता!

विषाणूच्या अंगावरचे प्रथिनाचे काटे स्नायूंवरच्या असिटिलकोलीन रिसेप्टरला (रिसेप्टर म्हणजेच मेसेजमधलं पेशीवरचं ‘कुलूप’) धरतात, हे १९८२ सालीच दाखवलं गेलं. या रिसेप्टरशिवाय स्नायू हलत नाही. म्हणजे तो गायीला आहे, मांजरीला आहे, तुम्हा-आम्हालाही आहे. प्रमाण मात्र सगळीकडे सारखं नसतं. कोल्ह्याच्या स्नायूंत तो ऑपॉसम या अमेरिकेतल्या पिशवीवाल्या छोट्या प्राण्यापेक्षा जास्त सापडला, आणि कोल्हा रेबीजला लवकर बळी पडतो. मेसेजमध्ये खरं असेल तर एवढंच.

मुंगसाचा मुद्दा मात्र हुशारीचा आहे, मान्य. नागाचं विषही याच रिसेप्टरला धरतं, आणि विषाणूच्या काट्याचा एक तुकडा त्या विषासारखाच आहे. मुंगसाच्या रिसेप्टरची घडण थोडी वेगळी, म्हणून विष तिथे पकड घेत नाही. मग रेबीजही नाही, असं वाटणं साहजिक. पण १८७२ मध्ये उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून जमैकाला मुंगूस नेले, पुढे ते कॅरिबियनभर पसरले, आणि आज प्वेर्तो रिको, क्यूबा, ग्रेनाडा इथे रेबीज पसरवणारा मुख्य प्राणी हाच, आपल्याकडून गेलेला!

कारण दार एकच नाही. एनकॅम आणि पी-७५ या आणखी दोन रिसेप्टरांनाही हा विषाणू धरतो हे १९९८ मध्ये कळलं, २०१८ मध्ये आणखी एक सापडला. पी-७५ नसलेल्या उंदरांनाही रेबीज झालाच.

‘नुसतं खरचटलंय’ हे तर सोडाच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. विषाणूचं आवरण चरबीचं असतं, ते साबणाने विरघळतं. मग डॉक्टरकडे जा. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडंही लागतात.

आणि गाय गिळत नाही म्हणून तिच्या तोंडात हात घालून ‘घशात काय अडकलंय’ बघणाऱ्यांनी जरा थांबावं. पिसाळलेली गायही अशीच दिसते.