एकदाच तं घातला होता

खुंटीवरचा कपडा धुतलेला समजायचा की मळलेला, या खटल्याचा निकाल आमच्या घरात माझ्या लग्नापासून लागलेला नाही. कपाटात घडी करून ठेवलेला कपडा स्वच्छ आणि न्हाणीतल्या बकेटीत पडलेला मळका, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पण अंगातून निघालेले निम्मेअधिक कपडे या दोन्ही ठिकाणी जातच नाहीत. ते खुंटीवर जातात. खुंटी भरली की दारामागच्या खिळ्यावर, मग खुर्चीच्या पाठीवर, आणि अंगणात पाहुणा दिसला की सगळेच्या सगळे पलंगाखाली. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "एकदाच तं घातला होता."

हे वाक्य ऐकणारी मी आणि धुणारीही मीच. तेव्हा या विषयावर बोलायला आणखी कुठली पदवी लागत असेल असं मला वाटत नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरलाय. इथल्या विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट. त्यात साबण घासा, मनगट दुखेपर्यंत घासा, फेस म्हणून येत नाही. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला वाटेतच गाठतात आणि त्यांचा मिळून एक चिकट साका तयार होतो. तो मळ काढायचं सोडून स्वतःच कपड्यावर बसतो. पांढरा बनियान काही दिवसांत राखाडी होतो आणि पुढे त्याला कुठला रंग म्हणावं ते कळत नाही. बाकीचे लोक कपडा मळला म्हणून धुतात, आमचा धुतला म्हणून मळतो. पावडरचं त्या मानाने बरं, तिला या पाण्यातही थोडा फेस येतो. सासूबाईंचा भरवसा मात्र अजून रिठ्यावर. "रिठ्याले पान्याचं वावडं नसते," असं त्या म्हणतात, आणि ते शास्त्रालाही धरून आहे, अशा पाण्याने रिठ्याच्या फेसाचं फारसं बिघडत नाही. फक्त रिठे फोडायचे कोणी, भिजवायचे कोणी, असा विषय निघाला की त्यांचे गुडघे दुखायला लागतात.

कपडा धुवायचा की आणखी चालवायचा, याची आमच्याकडची तपासणी नाकाने होते. आमचे हे खुंटीवरून मनिला, म्हणजे शर्ट, काढतात, काखेचा भाग नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि जाहीर करतात, "चालते." आजवर एकही मनिला त्यांनी नापास केलेला नाही. यात त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. रोजच्या वासाला नाक सरावतं, मग ते हजेरीच घेत नाही. म्हणून मी कायदा काढला की स्वतःचा कपडा स्वतः हुंगायचा नाही. परीक्षक म्हणून मुलीला बसवलं. ती एक मनिला हुंगून सरळ अंगणात गेली आणि तुळशीजवळ उभी राहून श्वास घेऊ लागली. हा निकाल ह्यांनी "पोरगी तुह्याच बाजूची आहे" म्हणून फेटाळला. मग सासूबाईंना नेमलं. त्यांना बाराही महिने सर्दी, त्यामुळे तिथे सगळेच पास.

खरं तर घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू घामावर जेवतात आणि मागे जे उष्टं-खरकटं टाकतात, वास त्याचा. सुती कपडा घाम पिऊन घेतो. पॉलिस्टर घाम पीत नाही पण अंगाचं तेल धरून बसतो, म्हणून त्याला वास लवकर लागतो आणि धुतला तरी पुरता जात नाही. आता आमचा मुलूख कुठला? कापसाचा. १८६७ साली नागपूरपर्यंत रेल्वे आली ती इथल्या कापसाच्या ओढीने. दर्यापुरावरून धावायची ती शकुंतला नावाची छोटी रेल्वे तर कापूस वाहायलाच टाकलेली. घरात कापूस, अंगणात कापूस, वेचणीच्या दिवसांत भाकरीच्या पिठातही कापसाची तार निघते. आणि कापूस पिकवणाऱ्याच्या अंगात काय? सुरतेचं पॉलिस्टर. का, तर सुती कपडा चुरगळतो, त्याला इस्त्री लागते आणि लग्नात उठून दिसत नाही. सुताचा चांगला सदरा घ्यायचा म्हटलं तर त्याची किंमत ऐकून ह्यांना कापसाचा भाव आठवतो, आणि मग त्या विषयावर जेवण होईपर्यंत कोणी बोलू नये हे उत्तम.

मोसमांचंही काही जमत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पलीकडे, पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा, कपडा रोज धुवायलाच पाहिजे अशी परिस्थिती. वाळायचं तर विचारू नका, दुसरा दोरीवर टाकेपर्यंत पहिला कडक. पण तेव्हा पाणी नसतं. पावसाळ्यात पाणीच पाणी, तर वाळत नाही. घरभर दोऱ्या, दोऱ्यांखालून वाकून चालणारी माणसं, आणि डोक्यावर ठिबकणारी लुंगी. हिवाळ्यात पाणीही असतं आणि ऊनही असतं, तर अंगातला स्वेटर कोणी काढून देत नाही. त्या स्वेटरला मग वावरातल्या रोडग्यांच्या पार्टीचा, गोवऱ्यांच्या धुराचा आणि वांग्याच्या भाजीचा असा वास लागतो की फाल्गुनात तो धुताना मलाच भूक लागते.

पावसाळ्याबद्दल एक सांगते. तेव्हा मी कोणाचं ऐकत नाही. अर्धवट वाळलेली चड्डी-बनियान अंगात घातली की गजकर्ण झालंच म्हणून समजा, आणि एकाला झालं की एकाच टॉवेलवरून घरभर फिरतं. आतले कपडे आणि मोजे रोज धुवायचे, पूर्ण वाळवायचे, टॉवेल ज्याचा त्याचा. शर्ट मुकाट एक दिवस जास्त चालला तर आभाळ कोसळत नाही. आमच्या घरात मात्र उलटं. शर्टासाठी इस्त्रीवाल्याकडे चकरा आणि मोजे उभे राहतील इतके कडक झाले तरी बुटातच.

फवारणीचे कपडे तर खुंटीच्या खटल्यातच येत नाहीत. ते घरात आणायचे नाहीत, इतर कपड्यांत मिसळायचे नाहीत, त्याच दिवशी वेगळे धुवायचे आणि आधी अंघोळ करायची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. तेव्हापासून "एकदाच तं" हे शब्द त्या कपड्यांबाबत ह्यांच्याही तोंडून निघत नाहीत.

आता पोराची गोष्ट. तो अमरावतीला शिकतो. शनिवारी एसटीने येतो तेव्हा पाठीवरच्या बॅगेत पुस्तक नसतं, आठवड्याचं धुणं असतं. त्या धुण्यात जीन्स मात्र कधी दिसली नाही. मी विचारलं तर म्हणतो, "आई, जीन्स धुवाची नसते." आणि मोबाइल पुढे केला. लिव्हाइस या जीन्सच्या कंपनीचे तेव्हाचे मुख्य अधिकारी चिप बर्ग यांनी २०१४ साली भर परिषदेत सांगितलं की अंगातली जीन्स वर्षभरात धुतलेली नाही. कॅनडात आल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने तर एकच जीन्स न धुता १५ महिने घातली. मग ती तपासली. नंतर धुऊन १३ दिवस घातली आणि पुन्हा तपासली, तर जिवाणू दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच.

मी म्हटलं, "अरे, तो साहेब एसीत बसतो. त्याने वेचणीच्या दिवसांत आपल्या बैलबंडीवर कापसाचे बोरे चढवावेत आणि मग तीच जीन्स घालून परिषदेत जावं. पुढच्या रांगा रिकाम्या होतात की नाही बघू. आणि कॅनडात घाम येतो का, ते आधी त्या विद्यार्थ्याला विचार." पण पोराचा मुद्दा पाण्यावर गेला होता. कंपनीनेच हिशेब काढलाय म्हणे, एका जीन्सच्या अख्ख्या आयुष्याला सुमारे ३,८०० लिटर पाणी लागतं आणि त्यातलं सगळ्यात जास्त कापूस पिकवण्यात जातं. मी म्हटलं, आपला कापूस कोरडवाहू. त्याला पाणी देव देतो, तेही मनात आलं तर. तो आकडा देवाच्या खात्यावर लिही, माझ्या बकेटीच्या नाही.

याचा व्हायचा तो परिणाम झालाच. आमचे हे दारात बसून सगळं ऐकत होते. दुसऱ्याच दिवशी टेरीकॉटची पॅन्ट खुंटीवरून काढत म्हणाले, "पाह्य, इतला मोठा साहेब बी नाई धुवत."

त्याच मोबाइलवर पोराने कुठेतरी वाचलं की जीन्स फ्रीजरमध्ये ठेवली की जिवाणू मरतात. गोठल्याने बहुतेक जिवाणू मरत नाहीत, नुसते गारठून पडतात आणि अंगाची ऊब लागली की पुन्हा कामाला लागतात. पण हे त्याला सांगायला मी घरात नव्हते. सासूबाईंनी बर्फासाठी फ्रीज उघडला आणि त्यांची किंकाळी मला गल्लीच्या टोकाला ऐकू आली. "अवं माय! फिरीजात पॅन्ट कोनं ठुली?" जीन्स बर्फाच्या ट्रेला चिकटून बसली होती. ती ओढायला गेलो तर खिसा ट्रेकडे राहिला. तेवढ्यात लाईट गेली, आणि संध्याकाळपर्यंत जीन्स आपोआप ओली झाली. मी म्हटलं, भिजलीच आहे तर आता साबण लावते. पोराने ती सोमवारपर्यंत माझ्याशी न बोलता वाळवली.

आमच्या वादात गाडगेबाबा हमखास येतात, कारण ते आमच्याच भागातले. १८७६ साली अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावात, परटाच्या घरात जन्मले. मळ म्हणजे काय हे त्यांच्याहून जास्त कोणाला कळणार! हे एकदा म्हणाले, "बाबानं जलमभर चिंध्या घातल्या, त्याले कोनी नाव ठुलं काय?" सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चिंध्या व्हत्या, पन धुतलेल्या व्हत्या. तुह्या मनिल्यावानी नाई." ह्यांनी त्या दिवशी वाटाण्याची भाजीही कमी खाल्ली.

माझा स्वतःचा अनुभव असा की कपडा जितका भारी तितका तो घाण. बघा ना, घरात पोतेऱ्याला वापरतो तो जुना बनियान रोज धुतला जातो. शाळेचा गणवेश दिवसाआड. आणि माझा लग्नातला शालू, ह्यांचा कोट? त्यावर किती लग्नांचा घाम, किती पंगतीतलं वरण आणि किती मामेभावांनी मारलेल्या मिठ्या साचल्या असतील, याचा विचार करवत नाही. त्यांना पाणी माहीत नाही. डांबराच्या गोळ्या घालून, मलमलीत गुंडाळून आपण ते देवासारखे जपतो. मुलीच्या पांढऱ्या गणवेशावर वरण सांडलं तर मात्र घरात धावपळ. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, म्हणून पहिल्या वेळी ती रक्त समजून रडली होती. उन्हात टाकलं की उडतो तो डाग. शालूला ऊन दाखवायचीही बंदी.

तर खरी गंमत नळाची. सातपुड्यातल्या धरणाचं गोडं पाणी नळाला येतं, पण कधी येईल ते फक्त नळवाल्याला ठाऊक, आणि तोही शपथेवर सांगत नाही. परवा मध्यरात्री नळ खाकरला आणि गल्लीभर बकेटी वाजल्या. आणि जे दर वेळी होतं तेच झालं. कालपर्यंत चालत असलेले घरातले सगळे कपडे एका क्षणात मळले. मुलीने ओढणी आणली. सासूबाईंनी उशीचे अभ्रे काढले. पोराने, माझा विश्वास बसेना, मोजे आणले. पाणी आलं की प्रत्येकाच्या नाकाला वास यायला लागतो. ह्यांनी तर अंगातला मनिला काढून अंधारातच माझ्याकडे फेकला, "हा बी टाकून दे."

खिसा बघितल्याशिवाय कपडा भिजवायचा नाही, हे धुण्याचं पहिलं कलम. आजवर ह्यांच्या खिशातून एसटीचं तिकीट, काट्याची पावती, सोयाबीनचे दाणे असं काहीबाही निघालं आहे. या वेळी पन्नी निघाली. आत ताजा, घट्ट मळलेला खर्रा, तंबाखू-सुपारीचा. ह्यांनी पोळ्याला बैलाच्या पाया पडून सोडलेला. मी पन्नी दिव्याखाली धरली. हे पाण्याच्या टाकीत वाकून, किती भरली ते फार बारकाईने बघत होते. "कोनाचा तरी असन," ते टाकीतूनच म्हणाले.

म्हणजे इतकी वर्षं "धुवू नको" या आग्रहामागे ना पाणी होतं, ना कॅनडा.

तेव्हापासून ह्यांचा मनिला रोज संध्याकाळी न सांगता बकेटीत येतो, खिसा उलटा करून. टेरीकॉटची पॅन्ट मात्र त्या साहेबाच्या जीन्सच्या हिशेबाने चालली पाहिजे असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ती टांगायला त्यांनी माझा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर नवा खिळा ठोकला आहे.