मोहाच्या झाडाखाली

परवा ताडोब्याहून परतलेल्या एका मित्राने विचारलं, "वाघ आहे हे माहीत असून ही माणसं जंगलात मरायला जातात तरी कशाला?" तेव्हा मला इतका राग आला की नीट बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

मोहासाठी जातात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पहाटे गळतं. उजाडेपर्यंत झाडाखाली सडा पडलेला असतो. उशीर केला तर हरणं, अस्वलं खाऊन जातात, म्हणून बाया अंधारातच निघतात. माझी मावशी बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावात राहते. तिचं झाड ठरलेलं आहे, तिच्या सासूचंही तेच होतं. दोन-तीन तास वाकून वेचायचं, टोपली भरायची, अंगणात वाळवायचं. काही घरात खायला, बाकीचं विकायला. धानानंतर हातात पैसा येतो तो मोहाचा, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा.

धोका आहे तो त्या वाकण्यात. उभ्या माणसाला वाघ सहसा टाळतो. झाडोऱ्यात खाली वाकलेली बाई त्याला जनावरासारखी दिसते. शिवाय पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. तीच आग पसरली की वणवा.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. 1986 मध्ये अंधारी अभयारण्य आलं आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कोअर, म्हणजे आतला गाभा, सव्वासहाशे चौरस किलोमीटर, बफर अकराशे. आज वाघ कोअरमध्ये मावत नाहीत, बफरमध्ये आणि त्याच्याही पलीकडे ब्रह्मपुरी, सिंदेवाहीपर्यंत आहेत. हे यश आहे, मला त्याचा अभिमान आहे. ज्या तारूच्या नावावरून ताडोबा म्हणतात, तो गोंडांच्या कथेत वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख. त्याला देव केलं, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरते. वाघाचा सूड घ्यायला हे लोक निघाले नाहीत. त्यांना "जंगलात जाऊच नका" असं सांगण्याआधी एवढं तरी आठवावं.

माझी मागणी साधी आहे. मोहाखाली जाळ्या बांधून द्या. फूल जाळीत पडलं की वाकून वेचायला नको, पाला जाळायला नको, मातीही लागत नाही. चांगलं उजाडल्यावर चार-पाच जणींनी मिळून जावं आणि जाळी झटकून आणावी. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेल्यावर सरकार 25 लाख देतं, द्यायलाच हवेत. पण सफारीच्या गेटवर पर्यटकांकडून जमणाऱ्या पैशातून आधी जाळ्या घ्याव्यात. गावोगावच्या समित्यांनी फेब्रुवारीतच झाडं मोजावीत, म्हणजे हंगामाआधी जाळ्या पोचतील.

मावशी आणि शेजारच्या दोघी जाताना मुद्दाम मोठमोठ्याने बोलत जातात. पण प्रत्येकीचं झाड वेगळं. तिथे पोचल्या की बोलणं थांबतं आणि तिघी आपापल्या झाडाखाली एकट्या वाकतात.